विश्लेषण : खेळपट्टीची काळजी क्लबकडे, उरलेल्या मैदानाची कुणाकडे?

सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला दादरचे शिवाजी पार्क भरलेले असते. नेटमध्ये फलंदाजीसाठी रांग लावलेली मुले, कट्ट्यावर बसलेले पालक, फेऱ्या मारणारे ज्येष्ठ नागरिक. यातल्या फारच थोड्यांच्या लक्षात येते की, मुले खेळतात ती खेळपट्टी आदल्या संध्याकाळी कुणीतरी भिजवली होती, पहाटे तिच्यावर रोलर फिरवला होता आणि चुन्याने क्रीज आखली होती. मैदान महापालिकेचे असले तरी हे काम बहुतेक वेळा क्लबचा माळी करतो. खेळपट्टीच्या कडेपलीकडे मात्र त्याची जबाबदारी संपते. तिथून पुढे कोण, हा मुंबईतला जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे.

मैदानांचे मालक कोण?

शिवाजी पार्क पालिकेने १९२५ मध्ये नागरिकांसाठी खुले केले आणि १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. क्षेत्रफळ सुमारे २८ एकर. दक्षिण मुंबईतील आझाद, ओव्हल आणि क्रॉस ही मैदाने मात्र राज्य सरकारच्या मालकीची आहेत. या सगळ्या मैदानांवर अनेक क्लब दशकानुदशके आहेत. काहींची पक्की वास्तू आहे, काहींचा नुसता तंबू. ‘ही अमक्या क्लबची विकेट’ असे सगळेच म्हणतात. जमीन मात्र त्या क्लबची नसते. मुंबईच्या मैदानी क्रिकेटचा डोलारा या सवयीच्या ताब्यावर उभा आहे.

तो डोलारा लहान नाही. शालेय मुलांच्या हॅरिस आणि गाइल्स ढाल स्पर्धा याच मैदानांवर खेळल्या जातात. १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी झाली ती आझाद मैदानावर. १९४८ पासून सुरू असलेली कांगा लीग तर ऐन पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर होते. तिकीट लावून चालणाऱ्या स्टेडियमला जी देखभाल परवडते, ती इथे वर्गणी, प्रशिक्षणाचे शुल्क आणि कुणा जुन्या खेळाडूची मदत यांवर चालते.

क्लब नेमके किती जमीन सांभाळतात?

साधा हिशेब करून पाहता येतो. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद असते. क्षेत्रफळ होते जेमतेम ६१ चौरस मीटर. समजा, २८ एकरांच्या मैदानावर अशा ३० खेळपट्ट्या आहेत. त्या सगळ्या मिळून साधारण १,८५० चौरस मीटर भरतात. मैदान आहे १ लाख १३ हजार चौरस मीटरचे! म्हणजे खेळपट्ट्यांचा वाटा दोन टक्केही नाही. नेट आणि आजूबाजूची जागा धरून तो दुप्पट-तिप्पट केला, तरी नव्वद टक्क्यांहून अधिक मैदान क्लबच्या माळ्याच्या हाताबाहेरच राहते.

खेळाडूचा गुडघा फुटतो तो बहुधा याच नव्वद टक्क्यांत. खेळपट्टी सपाट आणि घट्ट. दहा पावलांवर खडे आणि उघडी माती. क्षेत्ररक्षण करताना सूर मारू नकोस, असे मुलांना बजावावे लागते, ते यामुळे.

गवत टिकत का नाही?

पावसाळ्यात मुंबईची मैदाने आपोआप हिरवी होतात. पाऊस थांबला की क्लबची लगबग सुरू होते. वरचा थर उकरायचा, चिकट माती मिसळायची, पाणी, रोलर, पुन्हा पाणी. खेळपट्टीला अशी दोन-तीन आठवड्यांची निगा मिळते. बाकीच्या मैदानाला त्याच वेळी विश्रांती हवी असते, ती कुणीच देत नाही. हंगाम सुरू झालेला असतो, सामने लागलेले असतात. थंडी येईपर्यंत गवत वाळते, मुळे उखडतात आणि माती उडू लागते.

शिवाजी पार्कवर हे सर्वांत ठळकपणे दिसले. पालिकेने तिथे लाल माती पसरली, गवत लावण्याचा प्रयत्न केला, पर्जन्यजल साठवण्यासाठी तीसहून अधिक विहिरी घेतल्या, तुषार सिंचन बसवले. तरीही धूळ उडतच राहिली. भोवतालच्या इमारतींतील रहिवाशांनी लाल माती काढून टाकण्याची मागणी लावून धरली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळालाही लक्ष घालावे लागले. त्यातच हे मैदान फक्त खेळाचे नाही. वर्षातील ४५ दिवस ते खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांना देता येते. मंडप उभारला की बांबूंसाठी खड्डे होतात, वाहने फिरतात. ते खड्डे कुणी आणि किती दिवसांत बुजवायचे, यावरून पुन्हा कुरबुर.

मग मैदान क्लबला दत्तक का देत नाहीत?

दिली होती, आणि अनुभव कडू निघाला. पालिकेने ‘दत्तक’ आणि ‘काळजीवाहू’ अशा दोन योजनांखाली अनेक उद्याने व मैदाने खासगी संस्थांकडे सोपवली. काळजीवाहू संस्थेला भूखंडाच्या काही भागावर बांधकामही करता येत असे. काही ठिकाणी क्लबहाऊस उभे राहिले, सदस्यत्वाचे शुल्क आले आणि फाटकावर रखवालदार बसला. ज्या वस्तीतली मुले तिथे खेळत होती, ती बाहेर. जानेवारी २०१६ मध्ये पालिका सभागृहाने नवे धोरण मंजूर केले तेव्हा नागरिक संघटनांनी इतका विरोध केला, की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. दिलेले भूखंड परत घेण्याची मोहीमही सुरू झाली. २०२३ मध्ये नव्या दत्तक धोरणाचा मसुदा आला, त्यावरही हरकतींचा पाऊस पडला.

या भीतीत तथ्य आहे. पण तिच्यामुळे फाटक न लावता, इमारत न बांधता केवळ माती आणि गवत सांभाळू पाहणारा छोटा क्लबही त्याच संशयाच्या यादीत जातो. ओव्हल मैदानाचे उदाहरण इथे नेहमी दिले जाते. १९९० च्या दशकात भकास झालेल्या त्या मैदानासाठी परिसरातील रहिवाशांच्या संस्थेने न्यायालयात धाव घेतली, पुढे देखभाल हाती घेतली आणि मैदान सावरले. मात्र मरीन ड्राइव्ह-चर्चगेटजवळच्या रहिवाशांना जमलेला निधी घाटकोपर-मुलुंडच्या क्लबला कुठून जमणार?

इतर शहरांत काय होते?

न्यूयॉर्कमध्ये नियमित सामने भरवायचे तर उद्यान विभागाकडून मैदानाचा परवाना घ्यावा लागतो. प्रौढांच्या संघांना शुल्क, १७ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या लीगला माफी. परवान्यावर तारीख आणि वेळ असते. ती संपली की मैदान दुसऱ्याचे. अमेरिकेतील अनेक शहरांत गवत कापणे आणि दुरुस्ती शहराकडे, तर सामन्याआधी माती सारखी करणे आणि रेषा आखणे मुलांच्या लीगमधील स्वयंसेवक पालकांकडे, अशी विभागणी दिसते. ती कागदावर असते, हा मुंबईशी मोठा फरक.

मुंबईत लेखी काय असायला हवे?

सर्वांत आधी पाणी. खेळपट्टीला रोज पाणी लागते आणि क्लबच्या खर्चात टँकर हा मोठा आकडा असतो. शिवाजी पार्कसारख्या ठिकाणी विहिरींचे पाणी आहे. ते कोणत्या क्लबला, किती वाजता, किती वेळ मिळणार हे फलकावर लिहून लावणे अवघड नाही. दुसरे म्हणजे पावसाळ्यानंतर मैदानाचा एकेक भाग आळीपाळीने काही आठवडे बंद ठेवणे. याला क्लबांचीच संमती लागेल, कारण त्या काळात त्यांचे सामने दुसऱ्याच्या खेळपट्टीवर न्यावे लागतील. मंडपाची अनामत रक्कम खड्डे बुजल्यावरच परत करावी, आणि बुजले की नाही हे पाहायला तिथल्या माळ्यालाच बोलवावे. मैदानाची रोजची पाहणी आजही तोच करतो.