पाणी वरच्याचे, नाला कुणाचा?
एडवण-पालघर पट्ट्यातील बांधकाम आणि पावसाळी नाल्यांच्या खर्चाचा वाद

सफाळे स्टेशनवरून एडवणकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांस भातखाचरे लागतात. अलीकडे या खाचरांत मुरमाचे डंपर रिकामे होताना दिसतात. आधी भराव, मग तारेचे कुंपण, मग 'एन. ए. प्लॉट' अशी पाटी. प्लॉटवाला आपल्या हद्दीपुरते सिमेंटचे गटार चांगले बांधतो. ते हद्दीच्या कोपऱ्यापर्यंत येते आणि तेथेच संपते. पुढचे पाणी कोणाच्या शेतात जाणार, याची त्याच्या नकाशात नोंद नसते.

या व्यवसायात आपल्या समाजातील कित्येक जण आहेत. कोणी मुरूम-रेतीचा पुरवठा करतो, कोणाचे हार्डवेअर नि टाइल्सचे दुकान आहे, कोणी जमिनीचा दलाल, तर कोणी चार-सहा बंगल्यांची छोटी स्कीम उभी करणारा बिल्डर. म्हणून हा विषय आम्ही व्यापाराच्या पानावर घेत आहोत. पावसाचे पाणी समुद्रापर्यंत नेण्याचा खर्च सरकारने करायचा की बिल्डरने, हा प्रश्न आज ना उद्या या पट्ट्यात उभा राहणारच. तो पहिल्या प्लॉटच्या विक्रीआधी सुटला तर स्वस्तात सुटतो, असे आम्हांस वाटते.

एक साधा हिशोब मांडू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. म्हणजे गुंठ्यामागे एक टँकर! आपल्या किनाऱ्यावर जुलै महिन्यात एका दिवसात इतका पाऊस पडणे ही नवलाची गोष्ट नाही. आता खाचराकडे पाहा. त्याचा बांध सहा इंच उंच धरला तरी एकरभर खाचरात सहा लाख लिटर पाणी थांबते आणि सावकाश उतरते. त्याच एकरावर भराव टाकून वर काँक्रीट केले की ही सहा लाख लिटरची टाकी नाहीशी होते, आणि वर पडलेले पाणी तासाभरात शेजाऱ्याच्या अंगावर येते. शेतकऱ्याने ही टाकी पिढ्यान्‌पिढ्या फुकट सांभाळली. तिची किंमत कोणी कधी लावली नाही.

या भागाची ठेवणही अवघड आहे. पूर्वेला तांदुळवाडीसारखे डोंगर, मध्ये रेल्वेचा उंच बांध, पश्चिमेस सखल खाचरे, खाजण आणि मग वाळूचा उंचवटा, ज्यावर जुनी गावे नि वाड्या वसल्या आहेत. डोंगरातले पाणी रेल्वेच्या मोऱ्यांतून येते आणि ओहोळांनी खाडीकडे जाते. खाडीच्या तोंडाशी उघाडी असते. ओहोटीला ती उघडते, भरतीला मिटते. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की सहा तास पाण्याला बाहेर जायला वाट नसते. तेवढा वेळ ते कोठेतरी थांबले पाहिजे, आणि नेमक्या त्याच जागेवर आज भराव पडतो आहे. केळवे-माहीम पट्ट्यातील पानमळेवाल्यांना विचारा. पानवेलीच्या मुळाशी पाणी साचून राहिले की मूळ कुजते आणि वर्षाची मेहनत जाते.

पलीकडच्या काठावर काय झाले

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की वैतरणेच्या मुखापलीकडे अर्नाळा दिसते आणि त्यामागे विरारच्या इमारती. आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला तेवढे अंतर पुरे आहे.

वसई-विरार भागासाठी १९९० साली सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. त्या वेळी तेथे लहान नगरपालिका आणि ग्रामपंचायती होत्या. महानगरपालिका झाली ती २००९ साली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. मधल्या काळात इमारती उभ्या राहिल्या, प्रत्येकीचे गटारही झाले, परंतु सर्वांचे पाणी एकत्र घेऊन खाडीपर्यंत नेणारी वाट इमारतींच्या वेगाने झाली नाही. जुलै २०१८ मध्ये त्याची किंमत चुकवावी लागली. नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, लांब पल्ल्याच्या गाडीतील प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला बोलवावे लागले. वसईच्या मिठागरातील वस्ती पाण्याने वेढली गेली. तळमजल्यावरच्या दुकानदारांचा माल भिजला तो वेगळाच. पुढे महापालिकेने नीरी आणि आय. आय. टी. मुंबई यांच्याकडून अभ्यास करवून घेतला. त्यांनी सुचविलेल्या उपायांत धारण तलाव, म्हणजे भरती उतरेपर्यंत पाणी साठवून ठेवणारे तलाव, होते. उपाय बरोबरच आहे. परंतु शहर भरून गेल्यावर तलावाला जागा शोधणे म्हणजे लग्नाच्या दिवशी मंडपासाठी मैदान शोधण्यासारखे आहे.

मुंबईचा अनुभव याहून जुना आहे. ब्रिमस्टोवॅड हा पावसाळी नाल्यांचा अहवाल १९९३ साली तयार झाला. त्या वेळचा अंदाज सुमारे ६०० कोटी रुपयांचा होता. मुंबईची जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाची होती, ती ५० पर्यंत न्यावी असे त्यात होते. पैसा नाही म्हणून काम रेंगाळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मग सर्वांना अहवालाची आठवण झाली. २००७ साली केंद्राने १२०० कोटी मंजूर केले, आणि पुढे खर्च त्याच्याही वर गेला. जो खर्च बिल्डरने जमीन घेताना किमतीत धरला असता, तो देशभरच्या करदात्याच्या खिशातून गेला.

नवी मुंबईत सिडकोने वेगळी रीत धरली. जमीनच सिडकोच्या ताब्यात होती. तिने हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव खोदले, खाडीच्या तोंडाशी झडपा बसवल्या, आणि हा खर्च भूखंडांच्या विक्रीतून निघाला. प्लॉट घेणाऱ्याने नाल्याचे पैसे दिले, पण त्याला ते वेगळे दिसलेच नाहीत. मात्र या व्यवस्थेतही एक उणीव राहिली. बांधायला पैसा होता, राखायला नव्हता. तलावांत गाळ बसला, गाळावर तिवरे उगवली, आणि तिवरांना कायद्याचे संरक्षण असल्याने गाळ काढणेही परवानगीवाचून होईना.

वाटा कसा ठरवावा

आपल्या कायद्यात याची सोय अजिबात नाही असे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात १९९२ साली विकास शुल्काचे प्रकरण घातले गेले. पुढे ते रेडी रेकनरच्या दराशी जोडले गेले. म्हणूनच बिल्डर मंडळींची तक्रार असते की, आम्ही विकास शुल्क भरतो, मग नाल्याचा वेगळा पैसा कशाला? तक्रार अर्धी खरी आहे. शुल्क घेतले जाते, पण ते रस्ता, दिवा, बाग या सगळ्यांच्या एकाच मोठ्या पिशवीत पडते. ज्या ओहोळात तुमच्या प्लॉटचे पाणी जाते त्या ओहोळावर ते खर्च होईल, अशी हमी त्यात नाही. शिवाय पाण्याला गावाची हद्द कळत नाही. एडवणच्या सखल भागात येणारे पाणी दुसऱ्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीतून येत असेल तर हिशोब कोणी कोणाशी करायचा?

अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९८७ साली यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात आम्हांस दोन गोष्टी आवडल्या. नव्या बांधकामामुळे जेवढा बोजा वाढतो तेवढ्याचाच पैसा बिल्डरकडून घेता येतो, जुन्या गावाची थकलेली दुरुस्ती त्याच्या माथी मारता येत नाही. आणि घेतलेला पैसा दहा वर्षांत कामी आला नाही तर परत मागता येतो. जर्मनीतील बहुतेक शहरांत तर घरमालकाने किती चौरस मीटर जागा फरशी-काँक्रीटने झाकली यावर दरवर्षी पावसाच्या पाण्याची आकारणी होते. ज्याने माती मोकळी ठेवली त्याचे बिल कमी.

समजा, दोनशे एकरांच्या एका पाणलोटात मुख्य नाला, धारण तलाव आणि उघाडी यांना मिळून ४ कोटी रुपये लागतात. (आकडा केवळ उदाहरणाचा आहे.) निम्मे काम जुन्या गावाचे, डोंगराच्या पाण्याचे, ते सरकारने करावे. उरलेले २ कोटी ज्या ८० एकरांवर भराव पडणार त्यांचे. म्हणजे एकरी अडीच लाख, गुंठ्याला ६,२५० रुपये. या पट्ट्यातील प्लॉटच्या भावापुढे हा खर्च कोणा बिल्डरला बुडवणारा नाही. परंतु पहिले २० एकर विकून झाल्यावर नियम आला तर उरलेल्या ६० एकरांवर तोच बोजा गुंठ्याला ८,३३० रुपयांवर जातो. उशिरा आलेल्या प्रामाणिक माणसाने आधी येऊन गेलेल्याचे बिल भरायचे! छोट्या बिल्डरच्या दृष्टीने खरी भीती ही आहे.

पैसा वेगळ्या खात्यात राहावा. रेरा कायद्याने ग्राहकांच्या पैशातील ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणे आता आपल्या अंगवळणी पडले आहे, तसेच हे. आणि जो शेतकरी आपले खाचर भरावाविना राखील त्याला त्या खात्यातून वर्षाला काही भाडे मिळावे, अशी आमची सूचना आहे. तो पाणी साठवतो, आपण त्याच्या जिवावर प्लॉट विकतो.

ही कल्पना कोकणाला परकी नाही. पेण भागात शिलोत्री पद्धतीत खारबंदिस्तीच्या राखणीसाठी कसणारा ठरल्याप्रमाणे जादा धान्य देत असे. १९४८ च्या खारजमीन कायद्यातही बांधाचा खर्च सरकार आणि जमीनधारक यांनी वाटून घेण्याची तरतूद होती. भात पिकवणाऱ्या गरीब कुळाकडून जे घेतले जात होते ते बंगला विकणाऱ्याकडून मागायला संकोच का वाटावा?

येथे फिक्हमधील एक मसला सांगण्याजोगा आहे. कोकणी मुसलमान शाफई मजहबाचे. हा मसला हनफी ग्रंथ 'हिदाया'तला, तरी कामाचा आहे. मोठ्या नदीचा गाळ काढण्याचा खर्च बैतुलमालने, म्हणजे सरकारी खजिन्याने करावा. काही जणांच्या सामाईक कालव्याचा खर्च त्या भागीदारांनी करावा. आता गाळ काढण्याचे काम वरून खाली सरकत जाते. एखाद्याच्या शेतापुढे काम गेले की त्याची जबाबदारी संपली का? इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते संपली. त्यांचे दोन शागीर्द, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.), म्हणतात की नाही, सुरुवातीपासून शेवटापर्यंत सर्वांनी आपापल्या हिश्श्याने खर्च द्यावा, कारण वरच्यालाही आपले उरलेले पाणी खालीच सोडायचे असते. कालवा सिंचनाचा असो वा नाला पावसाचा, हद्दीच्या कोपऱ्यावर गटार संपवणाऱ्या प्लॉटवाल्याला शागिर्दांचे म्हणणे लागू पडते. फतवा देणे हे आमचे काम नाही, ते उलेमांनी पाहावे. परंतु अबू यूसुफ हारून रशीदच्या काळात काझी होते, तंटे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, हे विसरू नये.

घाई कशाची, असे कोणी विचारील. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. सिडकोने उभारलेल्या जिल्हा मुख्यालयाचे उद्‌घाटन २०२१ साली झाले. २०१९ साली मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढवून पालघर तालुका त्यात आणला गेला. विरार ते डहाणू रेल्वेमार्गाचे चौपदरीकरण हाती घेतले गेले, आणि जून २०२४ मध्ये ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या वाढवण बंदराला केंद्राची मंजुरी मिळाली. बंदराबद्दल मच्छीमारांचे आक्षेप मोठे आहेत, त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. पण ही कामे होवोत वा अडोत, जमिनीचे भाव केवळ बातमीने हलतात. बोईसरला १९७० च्या दशकात कारखाने आले, वस्ती शहराएवढी झाली, तरी कारभार दीर्घकाळ ग्रामपंचायतीकडेच राहिला. तिच्या तुटपुंज्या पैशात नाले कसे होणार होते?

आमच्या व्यापारी बांधवांना तूर्त एवढेच सुचवतो. प्लॉट घेण्याआधी तलाठ्याकडून गावनकाशा पाहा आणि त्यात ओहोळ कोठून जातो ते शोधा. एकदा भर पावसात, उधाणाच्या दिवशी, जागेवर जाऊन उभे राहा. पाच-सात बिल्डर एकाच पाणलोटात असतील तर त्यांनी एकत्र बसून नाल्याचा नकाशा एकाच इंजिनीअरकडून करून घ्यावा आणि तो घेऊन ग्रामसभेत व नगररचना कार्यालयात जावे. उघाडी कोण सांभाळतो, तिची फळी शेवटची कधी बदलली, हे गावातल्या जुन्या शेतकऱ्याला विचारावे. कार्यालयातल्या फाइलीत हे बहुधा सापडणार नाही.