संकटात टिकणारं आत्मिक बळ: ख्रिस्ती श्रद्धा ते कसं घडवते? नगर जिल्ह्यातल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यातून समजून घेऊया

कुणाच्या घरी दुःख झालं की व्हॉट्सॲपवर मेसेज येऊ लागतात. सूर्योदयाचा फोटो, त्यावर बायबलमधलं एखादं वचन आणि खाली ‘देव तुम्हाला सामर्थ्य देवो’. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याच्यावर वेळ आली आहे, त्याच्या मनात वेगळेच प्रश्न असतात. हे सामर्थ्य नेमकं येतं कुठून? रोज प्रार्थना करूनही रात्री झोप लागत नाही, म्हणजे माझी श्रद्धा कमी पडते का?

उत्तर शोधायला लांब जायला नको. राजूरच्या डोंगरांपासून शेवगाव-पाथर्डीपर्यंत पसरलेल्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात ख्रिस्ती श्रद्धेचा जुना इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशननं नगरला १८३१ मध्ये काम सुरू केलं. याच जिल्ह्यातल्या राहुरीत १९०० मध्ये लक्ष्मीबाई टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे मराठी वाचक त्यांना ओळखतात. आत्मिक बळ एका रात्रीत मिळत नाही, ते हळूहळू घडतं, हे त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं.

आत्मिक बळ म्हणजे काय?

ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे आत्मिक बळ म्हणजे दुःख न होणं नव्हे. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू गेथशेमाने बागेत व्याकूळ झाला होता. हा दुःखाचा प्याला टळावा, अशी प्रार्थना त्यानं केली आणि शेवटी स्वतःला देवाच्या इच्छेवर सोपवलं. संत पौलानंही आपल्या शरीरातला ‘काटा’ दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली. तो काटा गेला नाही. मात्र आपल्या दुबळेपणातच देवाची कृपा पुरेशी आहे, हे त्याला उमगलं.

पौल गलतीकरांस पत्रात आत्म्याचं फळ म्हणून नऊ गुण सांगतो. त्यात चमत्कार किंवा पैसा नाही. सहनशीलता, सौम्यता, मनावरचा ताबा असे गुण आहेत. शब्दही पाहा, ‘फळ’. आज रोप लावलं आणि उद्या तोडणी केली, असं कोणत्याच रानात होत नाही.

लक्ष्मीबाईंवर काय वेळ आली होती?

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर कर्मठ ब्राह्मणी, वडिलांचं सोवळं तर टोकाचं. लहान वयातच त्यांचं लग्न कवी नारायण वामन टिळकांशी झालं. संसारात पैशाची ओढाताण होती आणि काही मुलं लहानपणीच गेली.

१८९३ च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात एका मिशनऱ्यानं टिळकांना नवा करार वाचायला दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. इकडे लक्ष्मीबाई कोलमडल्या. नवरा जिवंत होता, पण त्या काळच्या समाजाच्या लेखी तो परका झाला होता. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली.

नंतर त्या नगरला आल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सुरुवातीला त्यांनी आपलं खाणंपिणं वेगळंच ठेवलं. मग मनात प्रश्न सुरू झाला, जात देवानं केली की माणसानं? माणसानं केली, असं त्यांचं त्यांनाच पटलं, तेव्हा त्यांनी शिवाशिव सोडली. बाप्तिस्मा त्यानंतरचा. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी आलेला हा निर्णय पूर्णपणे त्यांचा स्वतःचा होता, म्हणूनच तो पुढे टिकला.

हे बळ कशातून घडलं?

१. देवापुढे खरं बोलणं. प्रार्थना म्हणजे फक्त आभार मानणं, असा आपला समज असतो. पण बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं तक्रारीची आहेत. देवा, तू कुठे आहेस, असं त्यांत सरळ विचारलेलं आहे. लक्ष्मीबाईही मनातलं झाकत नसत. वियोगाच्या काळात त्यांनी आपलं दुःख कवितेत मांडलं. ‘स्मृतिचित्रे’त तर त्यांनी भांडणं, राग आणि स्वतःची फजिती, सगळं हसतखेळत सांगितलं आहे.

२. आपल्या भाषेतली उपासना. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. त्यांनी अभंग, ओवी आणि भजनाच्या वळणानं ख्रिस्ती गीतं लिहिली. मराठी चर्चमध्ये ती आजही गायली जातात. पाठ असलेलं भजन अडचणीच्या वेळी आपोआप ओठांवर येतं. ज्या दिवशी स्वतःचे शब्द सुचत नाहीत, त्या दिवशी ते प्रार्थनेच्या जागी उभं राहतं.

३. दुसऱ्यासाठी हातपाय हलवणं. नगरला प्लेग आला तेव्हा लक्ष्मीबाई प्लेगच्या छावणीत आजाऱ्यांच्या सेवेला गेल्या. लोक घरंदारं सोडून पळत होते, असा तो काळ. भीती गेल्यावर सेवा करू, असं म्हणत त्या थांबल्या नाहीत. सेवा करता करता भीतीला मनात जागा कमी उरते, हा अनुभव आजही अनेकांना येतो.

४. माणसं जोडून ठेवणं. टिळकांच्या घरात अनेकांना आसरा मिळाला. कवी बालकवी ठोंबरे तर त्यांच्याकडे घरच्या मुलासारखे राहिले. ख्रिस्ती परंपरेत ‘मंडळी’ या शब्दाला मोठं वजन आहे. श्रद्धा एकट्यानं ओढायचं ओझं नसून ते वाटून घ्यायचं असतं, हे त्यामागचं सूत्र.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. येशूच्या जीवनावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं, त्यांच्या हातून सुरुवातीचे काही अध्यायच झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला शाळा मिळाली नव्हती, जिला नवऱ्यानं लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकवलं, तिनं हे केलं! २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

तीन गैरसमज

* ‘श्रद्धा असेल तर रडू येत नाही.’ लाजराच्या कबरीपाशी येशूही रडला होता.
* ‘संकट आलं म्हणजे पापाची शिक्षा.’ जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी नेमकं हेच विचारलं होतं. येशूनं ते नाकारलं.
* ‘प्रार्थना केली की औषध नको.’ नव्या करारातला एक लेखक, लूक, स्वतः वैद्य होता, असं परंपरा मानते. नगरच्या मिशननं तर दवाखानेही चालवले. प्रार्थनेच्या नावाखाली औषध बंद करायला सांगणाऱ्यापासून लांबच राहा.

तुम्ही सुरुवात कशी कराल?

* दिवसातली दहा मिनिटं मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. एक स्तोत्र किंवा शुभवर्तमानातला एक छोटा भाग सावकाश वाचा.
* मग जे मनात आहे ते देवाला जसंच्या तसं सांगा. शब्द सजवू नका.
* एक भजन पाठ करा. आजीला किंवा आईला येत असेल, तर त्यांच्याकडूनच शिका.
* आठवड्यातून एकदा आजारी किंवा एकट्या पडलेल्या माणसाकडे जाऊन या. वचन फॉरवर्ड करण्याआधी फोन करा आणि विचारा, “जेवलात का?”
* विश्वासातल्या एका माणसाला आपली खरी अवस्था सांगा. रविवारी ‘बरा आहे’ म्हणून निघून जाऊ नका.

झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. तिथे फोन केला म्हणून श्रद्धा कमी ठरत नाही. घरात कुणाची अशी अवस्था दिसली, तर वचनाबरोबर हा नंबरही त्यांना द्या आणि फोन लागेपर्यंत शेजारी बसा.