जनुकीय भेदांचे सार्वजनिक भांडार

जनुकीय तपासणीच्या अहवालात ‘बदल आढळला, अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला की रुग्णाचे कुटुंब चिंतेत पडते. त्यांच्यासाठी आम्ही येथे थोडा खुलासा करीत आहोत.

प्रत्येक माणसाच्या जनुकीय आराखड्यात लाखो भेद असतात, बहुतेक निरुपद्रवी. एखादा भेद निरोगी लोकांतही सर्रास आढळत असेल, तर तो गंभीर दुर्मिळ आजाराचे कारण असण्याचा संभव फारच कमी. ही पडताळणी सार्वजनिक माहितीभांडारांमुळे शक्य होते.

२००८ ते २०१५ या काळातील ‘एक हजार जीनोम’ प्रकल्पाने २,५०४ व्यक्तींची माहिती सर्वांस खुली केली. तथापि त्यातील गुजराती नमुने ह्यूस्टनमधील, तर तेलुगू नमुने ब्रिटनमधील होते. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या समाजांतर्गत विवाह होत आल्याने काही भेद विशिष्ट समाजांतच अधिक आढळतात. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२० मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प सुरू झाला. सुमारे १०,००० भारतीयांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबाद येथील केंद्रामार्फत संशोधकांसाठी, नियमांच्या अधीन राहून, उपलब्ध करण्यात आली.

नाव-पत्ता वगळला तरी जनुकांवरून ओळख पटू शकते. म्हणूनच दात्याची संमती व गोपनीयता यांचे मोल मोठे. रक्तदानाइतकेच हेही दान श्रेष्ठ आहे, असे आम्ही मानतो.