देशी घोड्यांचे बळ आतड्यांतील जिवाणूंत. जाती जपताना चाऱ्याचा विचारही अटळ

नवी दिल्ली : देशातील घोडे आणि तट्टांची संख्या २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार सुमारे ३.४ लाख इतकी उरली आहे. २०१२ च्या गणनेशी तुलना करता ही घट ४५.६ टक्के आहे. घटत्या संख्येमुळे देशी जातींच्या संवर्धनाचा प्रश्न ऐरणीवर आला आहे. या चर्चेत रंग, उंची, चाल आणि वंशावळ यांना नेहमीच स्थान मिळते. मात्र घोड्याच्या आतड्यांत वास्तव्य करणाऱ्या अब्जावधी सूक्ष्मजीवांकडे फारसे लक्ष जात नाही. घोड्याला चाऱ्यातून मिळणारी बहुतांश ऊर्जा याच सूक्ष्मजीवांच्या श्रमातून निर्माण होते.

भारतात मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, झंस्कारी, स्पिती, भुतिया आणि मणिपुरी या देशी जातींची अधिकृत नोंद आहे. महाराष्ट्रातील भीमथडी तट्टालाही स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. भीमेच्या खोऱ्यात वाढलेले आणि मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेले हे तट्टू आजही धनगरांच्या भटकंतीत संसाराचे ओझे वाहते. थरचे वाळवंट, लडाखचे शीत पठार, मणिपूरची पाणथळ कुरणे आणि दख्खनचा कोरडवाहू माळ अशा भिन्न प्रदेशांत या जाती घडल्या. कमी प्रतीच्या चाऱ्यावर तग धरणे हा त्यांपैकी अनेकींचा समान गुण मानला जातो.

पचन कसे होते?

गाय-म्हैस चारा रवंथ करून पचवते. तिच्या पचनसंस्थेत सूक्ष्मजीवांचे मुख्य केंद्र जठराच्या आधीच असते. घोड्याची रचना याच्या उलट आहे. त्याचे जठर लहान, साधारणतः ८ ते १५ लिटर क्षमतेचे असते. अन्न तेथून व लहान आतड्यातून तुलनेने वेगाने पुढे सरकते. या टप्प्यात स्टार्च, साखर, प्रथिने आणि मेद यांचे पचन होते. गवतातील तंतुमय भाग मात्र तसाच मोठ्या आतड्याकडे जातो.

मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेली अंधांत्र ही पिशवी २५ ते ३५ लिटर क्षमतेची असते. तिच्या पुढचा भाग त्याहूनही मोठा असतो. येथे जिवाणू, बुरशी आणि आदिजीव मिळून प्राणवायूविरहित वातावरणात चारा आंबवतात. सेल्युलोज तोडण्याचे काम फायब्रोबॅक्टर आणि रुमिनोकॉकस यांसारखे जिवाणू करतात. सेल्युलोज पचविणारे विकर घोड्याचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही.

या प्रक्रियेतून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्ले तयार होतात आणि ती आतड्याच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात. प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज बनवते, तर ॲसिटिक आम्ल स्नायूंना इंधन पुरवते. प्रामुख्याने चाऱ्यावर असलेल्या घोड्याची निम्म्याहून अधिक ऊर्जा या मार्गाने येते.

चंदी वाढली की धोका

या व्यवस्थेचा समतोल नाजूक असतो. एका वेळी फार मोठ्या प्रमाणात धान्य दिल्यास सर्व स्टार्च लहान आतड्यात पचत नाही. उरलेला स्टार्च मोठ्या आतड्यात पोहोचला की स्ट्रेप्टोकॉकस आणि लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणू झपाट्याने वाढतात व लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्लता वाढल्याने तंतू पचविणारे जिवाणू मरू लागतात. मृत जिवाणूंची विषारी द्रव्ये रक्तात शिरू शकतात. पोटशूळ आणि खुरांच्या आतील ऊतींना सूज आणणारा लॅमिनायटिस हे त्याचे गंभीर परिणाम आहेत. घोड्याला उलटी करता येत नसल्याने पोटशूळ प्राणघातक ठरू शकतो.

लग्नसराईत वरातीच्या घोड्याला कौतुकाने भरवली जाणारी हरभऱ्याची डाळ आणि गूळ, दिवसभराच्या उपासानंतर एकदम दिलेली चंदी, किंवा हिरव्या चाऱ्यावरून अचानक कोरड्या भुशावर केलेला बदल, या सर्वांचा ताण आतड्यांतील जिवाणूंवर पडतो. त्यामुळे दररोज शरीराच्या वजनाच्या किमान दीड टक्का कोरडा चारा द्यावा, चंदी थोडी थोडी विभागून द्यावी, खाद्यातील बदल ७ ते १४ दिवसांत क्रमाक्रमाने करावा आणि पिण्याचे पाणी सतत उपलब्ध ठेवावे, असे पशुपोषणशास्त्र सांगते. ३०० किलो वजनाच्या तट्टासाठी हा कोरडा चारा किमान साडेचार किलो होतो. प्रतिजैविकांमुळेही उपयुक्त जिवाणू नष्ट होऊन तीव्र अतिसार होऊ शकतो. म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय ती देणे टाळावे लागते.

आईकडून शिंगराकडे

नवजात शिंगराच्या आतड्यांत सूक्ष्मजीवांची वस्ती जन्मानंतर वेगाने वाढते. आईची त्वचा, दूध आणि गोठ्यातील परिसर यांतून ते शरीरात येतात. पहिल्या काही आठवड्यांत शिंगरू आईची लीद खाताना दिसते. मालक त्याला वाईट खोड समजून हटकतात. प्रत्यक्षात तंतू पचविणारे जिवाणू मिळविण्याचा तो नैसर्गिक मार्ग मानला जातो. शिंगरू चारा खाऊ लागेपर्यंत ही वस्ती आकार घेत असते.

जनुके जपल्याने हा वारसा आपोआप जपला जात नाही. बिकानेर येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या परिसरात २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणाद्वारे मारवाडी जातीचे ‘राज-प्रथमा’ हे शिंगरू जन्मले. संवर्धनाच्या दृष्टीने हा महत्त्वाचा टप्पा आहे. मात्र अशा पद्धतीत आनुवंशिक गुण मूळ माता-पित्याचे असले, तरी दूध, लीद आणि सहवास शिंगराला वाढविणाऱ्या घोडीचा मिळतो. तिचा आहार आणि आरोग्य त्यामुळे तितकेच निर्णायक ठरते.

मंगोलियातील धडा

मंगोलियातील प्रझेवाल्स्की जातीच्या रानघोड्यांवरील २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. शेजारच्याच गवताळ प्रदेशात चरणाऱ्या पाळीव घोड्यांच्या तुलनेत या रानघोड्यांच्या लिदीत जिवाणूंचे वैविध्य अधिक आढळले. दोघांच्या आहारातील वनस्पती वेगळ्या असणे हे त्याचे एक संभाव्य कारण संशोधकांनी मांडले. युरोपातील प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या चार रानघोड्यांमध्ये मात्र हे वैविध्य लक्षणीयरीत्या कमी होते. जात तीच असताना जन्मस्थळ आणि राहणीनुसार आतड्यांतील सृष्टी बदलू शकते, असा या निष्कर्षाचा अर्थ आहे.

भारतासाठी हा मुद्दा कुरणांशी जोडलेला आहे. मणिपुरी घोड्यांची चरण्याची पाणथळ जागा वाढत्या वस्तीमुळे आक्रसली आहे. अनेक वनस्पतींनी समृद्ध असलेले कुरण सुटले आणि त्याची जागा एकाच प्रकारच्या भुशाने व चंदीने घेतली, तर जिवाणूंचे वैविध्यही ओसरण्याची शक्यता असते.

हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या आवारातच पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. देशी घोड्यांच्या लिदीचे नमुने त्यांच्या मूळ प्रदेशांतून गोळा करून जपून ठेवता येतील, इतकी वैज्ञानिक सोय देशात उपलब्ध आहे. मात्र गोठवलेला नमुना हा केवळ राखीव साठा ठरेल. हे जिवाणू जिवंत आणि कार्यरत राहण्यासाठी घोड्याला चरायला माळ, दातांखाली कडबा आणि शिंगराला आईचा सहवास मिळणे आवश्यक आहे.