नव्या कथाकाराची मंडळी

आमच्या जिल्ह्यात कवींना तोटा नाही. जयंती असो, सत्कार असो की कामगारांचा मेळावा असो, सभेच्या शेवटी कोणीतरी खिशातून घडी घातलेला कागद काढतो आणि चार-पाच मिनिटांत कविता म्हणून मोकळा होतो. टाळ्या पडल्या तर ठीक. न पडल्या तरी कोणाचे फारसे बिघडत नाही. कथा लिहिणाऱ्याचे तसे नसते. पंधरा पानांची कथा वाचावयास पाऊण तास लागतो, आणि पाऊण तास कोणी कोणाला सहज देत नाही. म्हणून कथाकार हा कवीपेक्षा अधिक एकटा असतो. पुष्कळ कथा मरतात त्या वाईट असतात म्हणून नव्हे, तर दुसऱ्या माणसाच्या कानापर्यंत पोचतच नाहीत म्हणून. आम्ही काही साहित्यशास्त्राचे अभ्यासक नव्हे. शाळा सुटल्यानंतरचे आमचे शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु एकट्या माणसाचे धैर्य कसे खचते आणि चार माणसे जमली की ते कसे परत येते, हा आमच्या रोजच्या कामाचाच विषय आहे.

आपल्या जिल्ह्याला या बाबतीत फार जुना वारसा आहे. तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारले, आणि मग काकांनी त्याच थापटण्याने एकेकाचे डोके थापटून पाहिले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेवांना राग आला, आणि हे मडके कच्चे आहे असा निर्वाळा मिळाला. पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे गेले. ही कथा सांगताना नामदेवांच्या फजितीवरच सारा भर दिला जातो. आम्हांस तीत दुसरेच काही दिसते. काकांनी सर्वांची डोकी थापटली, एकट्या नव्या माणसाचे नव्हे. शिवाय कुंभार ओले मडके थापटतो तेव्हा त्याच्या एका हातात बाहेरून थापटणे असते आणि दुसऱ्या हाताने तो आतून गुंडा धरून आधार देत असतो. आतला आधार काढून नुसते बाहेरून थापटले तर मडके फुटते. नव्या लेखकांच्या बैठकी मोडतात त्यांपैकी पुष्कळ याच कारणाने मोडतात.

संतांच्या काळातून एकदम निजामाच्या काळात येऊ. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला मुलूख हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि 1929 सालच्या गश्ती निशाण 53 ने परवानगीवाचून सभा भरविणे बंद केले होते. अशा स्थितीत मराठीत लिहू पाहणाऱ्या माणसाला चार वाचक जमविणे हीच एक लढाई होती. गावोगावच्या वाचनालयांनी ती चालविली. 1943 मध्ये मराठवाडा साहित्य परिषद उभी राहिली, आणि मुक्तीनंतर 1953 मध्ये तिचे ‘प्रतिष्ठान’ हे नियतकालिक निघाले. जानेवारी 2020 मध्ये याच परिषदेच्या आपल्या गावच्या शाखेने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविले, हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेच आहे. संमेलन तीन दिवसांचे असते. त्याचा मांडव उतरतो. आम्ही ज्या मंडळीविषयी बोलतो आहोत ती दर पंधरवड्याला भेटणारी हवी.

अशी मंडळी काय करू शकते हे पाहावयाचे तर मुंबईतील माटुंगा लेबर कॅम्पकडे पाहावे. वाटेगावहून आलेले अण्णाभाऊ साठे तेथे राहत. त्यांची शाळा दीड दिवसाची. 1944 मध्ये बार्शीचे अमर शेख, द. ना. गवाणकर आणि अण्णाभाऊ यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. हे कलापथक चळवळीचे होते हे खरे, पण लेखकाच्या दृष्टीने ती एक शाळाही होती. चाळीच्या चौकात बसलेला गिरणीकामगार आठ तास उभा राहून आलेला असतो; कंटाळा आला की तो उठून जातो, कारण सांगत बसत नाही. कोठे माणसे पुढे सरकतात आणि कोठे विडी पेटवितात, हे ज्याने वर्षानुवर्षे पाहिले त्याला कथेत पाल्हाळ कोठे होतो हे शिकवावे लागत नाही. ‘फकिरा’ ही कादंबरी 1959 मध्ये आली. तिच्यामागे एवढ्या श्रोत्यांची तालीम होती, हे आम्हांस तिच्याविषयी लिहिलेल्या कित्येक टीकालेखांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

त्याच लेबर कॅम्पमध्ये नाशिककडचा एक मुलगा मावशीकडे राहावयास आला. तो म्हणजे बाबुराव बागूल. पुढे त्यांनी रेल्वेत नोकरी केली, आणि 1963 मध्ये ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. एकाच वस्तीत असे दोन कथाकार निपजले ते पाण्याच्या गुणाने नव्हे. तेथे लिहिणाऱ्याला कोणी वेडा ठरवीत नव्हते. नव्या लेखकाला पहिली गरज असते ती एवढीच.

मराठवाड्यात हे काम ‘अस्मितादर्श’ने केले. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणातून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस हे त्रैमासिक चालू केले आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ चालविले. अंक काढूनच ते थांबले नाहीत. लेखक-वाचकांचे मेळावेही भरवीत राहिले. वसतिगृहातील ज्या मुलाची कथा छापून आली आहे, त्याला ती वाचलेला माणूस समोर बसलेला दिसणे, ही गोष्ट लहान नाही. मुंबई-पुण्याच्या मासिकांतून साभार परत आलेल्या लिखाणाला येथे दार उघडे होते.

आता आपल्या घरचे उदाहरण. कळंब तालुक्यातील हासेगावचे भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा शाळेच्या पुस्तकातून घरोघरी गेली. टोमॅटोला भाव मिळत नाही, आणि बाप भर बाजारात आपलाच माल पायांखाली तुडवितो. तो बाजार आपल्या सर्वांच्या पाहण्यातला आहे. असे बाजार, फड, फडावरच्या कोप्या, मार्केट यार्डातील हमालांचे अड्डे आजही येथे आहेत, आणि त्यांच्याविषयी लिहू शकणारी माणसेही तेथेच आहेत. त्यांनी लिहिले नाही तर दुसरा कोणी लिहील, आणि तो दुरून लिहील.

आमच्या कचेरीत येणाऱ्या एका तरुणाने ऊसतोडीवर कथा लिहिली होती. दोन ठिकाणांहून ती एका शब्दाच्या उत्तरावाचून परत आली, आणि वही तीन वर्षे पेटीत पडली. शेवटी एका रविवारी सहाजणांसमोर त्याने ती वाचली. त्यांत दोघे फडावर जाऊन आलेले. अर्ध्यावर एकाने थांबविले: “आरं, मोळी दोरीनं कुठं बांधत्यात? वाढ्यानं बांधत्यात की!” दुसरा म्हणाला, “आन् तुझा मुकादम आसा शाळामास्तरावानी का बोलतो? उचल मागाय गेल्यावर आमच्यासंगं आसं कुनी बोललं नव्हतं.” मंडळी हसली, तोही हसला. पुस्तकात लिहावयाचे म्हणजे पुस्तकी बोलावे लागते, असे त्याला वाटले होते. पुढल्या बैठकीस त्याने मुकादम नवा करून आणला, आणि यावेळी मध्येच कोणी बोलले नाही.

ही टीका त्याला लागली नाही, याचे कारण टीका करणारे पुढल्या रविवारीही येणार होते हे त्याला ठाऊक होते. नियम एवढाच ठेवावा की प्रथम काय दिसले ते सांगायचे, मग काय पटले नाही ते; आणि ज्याला बोलावयाचे त्याने आपलेही कधीतरी वाचून दाखवायचे. आधीच्या पिढीत व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथन करून कथा ऐकण्याची गोडी लावली, तिचे मोल मोठे आहे. परंतु नवख्याने त्यांच्या मार्गाने आरंभ करू नये. मोठ्या सभेत हशा मिळविणारी कथा तरते, आणि हळू आवाजाची कथा मागे पडते. बैठकीचे परस्परप्रशंसा मंडळ होऊ लागले तर मात्र ते खुशाल मोडावे.

अंतर राखून बोलावयाचे असेल तर हस्तलिखित अंकासारखे साधन नाही. एकच प्रत, चांगल्या अक्षराच्या माणसाने उतरलेली, वाचनालयाच्या मेजावर महिनाभर ठेवायची आणि शेवटी आठ-दहा कोरी पाने सोडायची. वाचणारा त्यांवर आपले मत लिहितो, त्याखाली दुसरा लिहितो, आणि कधी कधी तर मूळ कथेपेक्षा ही पानेच अधिक हातांत फिरतात. सभेत तोंड न उघडणारी माणसे तेथे लिहितात. आता एका प्रतीच्या वीस प्रती झेरॉक्सवर निघतात. भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत त्या एस.टी.ने जाऊ शकतात. बैठकीच्या आधी आठवडाभर कथा वाटली, तर पाऊण तासाची अडचणही उरत नाही.

वेळेचा विचार मात्र नीट करावा. रात्री आठची बैठक म्हणजे बायकांना दार बंद, आणि ते आपण लावले आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. दुपारी तीनची वेळ ठेवली, आणि घरी न ठेवता वाचनालयात ठेवली, तर मुलाला कडेवर घेऊन येणारीही येते. वर्गणी ठेवावी, पण चहापुरती. हजेरीची वही ठेवावी, आणि जो दोनदा आला नाही त्याच्या घरी जाऊन विचारावे. बहुधा त्याची कथा अडलेली असते. तीनच माणसे जमली तर तिघांनी वाचावे.