दारचा मोगरा आणि घ्राणशक्ती

रत्नागिरीत समुद्राकाठी राहणाऱ्या ज्येष्ठांनी दारी मोगरा अवश्य लावावा. खाऱ्या वाऱ्याने त्याची पाने करपतात. म्हणून घराच्या पूर्वेला किंवा जांभ्याच्या गडग्याच्या आडोशाला, परंतु उन्हात, रोप लावावे. येथील धुवाधार पावसात मुळे कुजू नयेत यासाठी पावसाळ्यापूर्वी आळे मोडून बुंध्याशी मातीची भर द्यावी. थंडीच्या अखेरीस छाटणी करून शेणखत घातल्यास उन्हाळ्यात भरपूर फुले येतात. वाकणे जमत नसेल, तर कुंडी कट्ट्यावर ठेवावी.

संध्याकाळी कळ्या उमलू लागल्या, की घरातील आजी-आजोबांना डोळे मिटायला सांगून एक फूल नाकाजवळ धरा आणि विचारा, “कसला वास येतो?” उतारवयात घ्राणशक्ती हळूहळू मंदावते आणि ते पुष्कळदा त्या व्यक्तीच्याही ध्यानात येत नाही. मग गॅसची गळती किंवा आंबलेले अन्न कळत नाही. सर्दी नसताना वास येईनासा झाला, तर डॉक्टरांना अवश्य सांगा. काही रुग्णांत कंपवाताची ही चाहूल हात थरथरू लागण्याच्या कितीतरी आधी लागते.

हुंगलेले फूल देवाला वाहत नाहीत, हे खरे. परंतु ओंजळीतले एक फूल या परीक्षेसाठी राखून ठेवावे.