पाळी थांबली, दोष कुणाचा?

नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा भागातून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. कष्ट जास्त, जेवण अपुरे. अशा वेळी एखादीची पाळी थांबते, दिवस राहत नाहीत आणि बोल तिलाच लागतो.

मेंदूतील हायपोथॅलॅमसच्या इशाऱ्यावर पियुषिका ग्रंथी एफएसएच व एलएच ही संप्रेरके सोडते. एफएसएचमुळे अंडाशयात स्त्रीबीजाची पुटिका वाढते व इस्ट्रोजेन तयार करते. ते पुरेसे वाढले की एलएच एकदम उसळते आणि साधारण दीड दिवसात स्त्रीबीज बाहेर पडते. अंगातली चरबी घटली की तिच्यातून येणारे लेप्टिन कमी होते. मेंदू ओळखतो, अन्न अपुरे आहे, इशारे मंदावतात. अंडाशय निकामी झालेले नसते, थांबलेले असते. पुरेसा आहार व विश्रांती मिळाल्यास पाळी पुन्हा सुरू होऊ शकते.

राज्याच्या अमृत आहार योजनेतून २०१५पासून आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना चौरस जेवण मिळते. दिवस राहण्याआधीचे ताट मात्र घरानेच भरायचे आहे.

तीन महिने पाळी न आल्यास गरोदरपण, थायरॉइड व प्रोलॅक्टिनची तपासणी करून घ्यावी. मूल होत नसेल, तर नवऱ्याचीही तपासणी हवीच.